डबा, डिस्क आणि चाकरमानी: यूएसबी ड्राइव्ह की घरचं नॅस?

११ फेब्रुवारी २०२४, रविवार. जेवणं उरकून मी पडवीत लॅपटॉप घेऊन बसले होते. शिमग्याला सव्वा महिना उरला होता आणि देवस्थानच्या मंडळींना जुन्या पालख्यांचे फोटो हवे होते. बाबांची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची, २०१६ साली घेतलेली १ टीबीची यूएसबी डिस्क लावली. दिवा लागला आणि आतून टिकटिक यायला लागली, भिंतीवर पाल चुकचुकावी तशी. लॅपटॉपवर ड्राइव्ह काही दिसेना. मी ती काढली, परत लावली, दुसऱ्या पोर्टला लावून बघितली. हलकेच थोपटलीसुद्धा. यातलं एकही करायला नको होतं, हे दोन दिवसांनी कळलं.

आमचं घर गुहागर तालुक्यात, समुद्रापासून चालत पाच मिनिटांवर. बाबा हायस्कुलात शिक्षक होते. १९७८ साली कॅमेरा घेतला आणि तेव्हापासून गावचा शिमगा, नमन, जाखडी, लग्नं, नवी विहीर, पडलेला फणस, जे दिसेल ते टिपत आले. एकशेदहा रोल बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यांत होते. लॉकडाऊनमध्ये मी ते एकेक करून स्कॅन केले. एका निगेटिव्हची चांगली टिफ फाइल ४० एमबीची होते, म्हणजे चार हजारांच्या आसपास फोटोंचे दीडशे-एकशेसाठ जीबी. शिवाय मिनीडीव्हीच्या तीस कॅसेटी होत्या, त्यांचा एकेक तास १३ जीबी खातो. त्यात आमचे फोन, मुलाचे व्हिडिओ, होमस्टेचे हिशेब, आणि कोकणात कुठल्याही घरात असतो तो कागदांचा गठ्ठा: सातबारे, फेरफार, वाटपाच्या नोटिसा, आजेसासऱ्यांच्या काळातल्या पावत्या. सगळं मिळून १.३ टीबी. त्यातले ८७० जीबी या एका टिकटिकणाऱ्या डबीत.

मंगळवारी चिपळूणला गेले. दुकानातल्या मुलानं डिस्क कानाला लावली, दहा सेकंदांत बाजूला ठेवली आणि म्हणाला, "ताई, आता ही पुन्हा लावू नका. जितक्या वेळा लावाल तितकी आत घासेल." मुंबईच्या डेटा रिकव्हरीवाल्याचा अंदाज त्यानं फोनवर विचारून दिला: अठरा ते पस्तीस हजार, तपासणीचे पैसे वेगळे, वेळ दोन ते चार आठवडे. मी परतीच्या एसटीत मांडीवर पर्स आणि पर्समध्ये ती डिस्क घेऊन बसले होते. पस्तीस हजार म्हणजे आमच्या होमस्टेचा डिसेंबरचा अर्धा महिना.

दीर पुण्याला असतात, संगणकातलेच. ते म्हणाले, "वहिनी, कुरिअर नको, कोणी येत असेल त्याच्याबरोबर पाठवा." शेजारचा मुलगा १७ तारखेला पुण्याला निघाला होता, त्याच्या हातात दिली. भाऊजींनी जीएनयू डीडीरेस्क्यू नावाचा फुकट प्रोग्राम तीन रात्री चालवला. तो आधी सहज वाचता येणारा भाग उचलतो आणि खराब जागांवर नंतर परत परत येतो, म्हणजे मरायला टेकलेल्या डिस्कचा दम महत्त्वाच्या वेळी वाया जात नाही. (डिस्कमधून मधे मधे वाचता येत होतं म्हणून हे जमलं. अजिबातच दिसत नसेल तर घरी खटपट न करता पैसे मोजलेले बरे.) २६ फेब्रुवारीला फोन आला. २१४ फायली गेल्या, बाकी सगळं मिळालं. गेलेल्यांत २००९ च्या पालखीचा अर्धा व्हिडिओ होता. त्या वर्षी गावातले जे दोन म्हातारे गुलाल उधळत नाचले होते ते आता नाहीत. बाबांना सांगितलं तेव्हा ते काही बोलले नाहीत. उठून वाडीत पोफळींना पाणी लावायला गेले.

वाचलेला सगळा डेटा भाऊजींनी स्वतःच्या संगणकावरच्या मोठ्या डिस्कवर ठेवला आणि तिथून पुसायचा त्यांनी कंटाळा केला. या कंटाळ्याचे उपकार पुढे दोनदा झाले.

मार्चमध्ये ४ टीबीची यूएसबी डिस्क ऑनलाइन मागवली, ९,८०० रुपयांना. ५ मार्चला आली. लावल्यावर ३.६३ टीबीच दाखवते म्हणून नवरा वैतागला, पण त्यात फसवणूक नाही. बनवणारे हजाराच्या पटीत मोजतात आणि विंडोज १०२४ च्या. खरी गंमत कॉपी करताना कळली. आमच्या लॅपटॉपला एक काळा पोर्ट आहे आणि एक निळा. काळा यूएसबी २, त्यावर सेकंदाला ३५ एमबीच्या वर जाईना. निळा यूएसबी ३, तिथे १२० पर्यंत गेली. मात्र दोनेक तासांनी तीही ३० वर आली. माझा जीव परत टांगणीला. भाऊजींनी सांगितलं की स्वस्त पोर्टेबल डिस्कांमध्ये डेटाचे पट्टे कौलांसारखे एकमेकांवर चढवून लिहितात, त्यामुळे सलग खूप लिहायला लागलं की त्या दमतात. डिस्क बिघडलेली नाही. रात्रभर चालू ठेवली, सकाळी झालं होतं.

शिमगा छान झाला. २५ मार्चच्या धुळवडीनंतर पालखी घरोघरी फिरली, मुलानं फोनवर ६० जीबीचं शूटिंग केलं. आणि २ एप्रिलला नवी डिस्क मधेच गायब व्हायला लागली. वायर जरा हलली की बंद. त्या रुंद, चपट्या सॉकेटमध्येच खोट होती.

इथून वॉरंटीची कहाणी. हे जरा तपशिलात सांगते, कारण मला कोणी सांगितलं नव्हतं. कंपनीच्या साइटवर सिरियल नंबर टाकला, डिस्क वॉरंटीत निघाली. बिलाची पीडीएफ मागितली. माझ्याकडे ऑर्डरचा स्क्रीनशॉट होता, तो चालला नाही, जीएसटी क्रमांक असलेलं विक्रेत्याचं इनव्हॉइसच लागतं. ते खात्यातून काढेपर्यंत दोन दिवस गेले. विनंती मंजूर झाली, पण "आपल्या पिनकोडवर पिकअप उपलब्ध नाही". म्हणजे स्वखर्चानं मुंबईला पाठवा. फोममध्ये गुंडाळून, खोक्यावर तो मंजुरी क्रमांक मोठ्या अक्षरात लिहून ३४० रुपयांचं कुरिअर केलं. क्रमांक नसलेलं खोकं ते घेतच नाहीत. १२ एप्रिलला गेलेल्या डिस्कच्या बदल्यात ३ मेला दुसरी आली, तीही दुरुस्त केलेली, नवी कोरी नव्हे. नियमांत तसं लिहिलेलं असतं.

वॉरंटीत डिस्क मिळते, डेटा नाही. आणि तुमची जुनी डिस्क, तुमच्या आधार-सातबाऱ्यांसकट, अनोळखी माणसाच्या टेबलावर जाते. माझी वायर धरून ठेवली की चालत होती म्हणून पाठवण्याआधी मी ती पूर्ण पुसू शकले. पूर्ण बंद पडलेली असती तर? या प्रश्नावर एक रात्र झोप लागली नाही. तेव्हापासून कागदपत्रांचं फोल्डर व्हेराक्रिप्ट नावाच्या प्रोग्रामच्या कुलुपात ठेवते, पासवर्डशिवाय ते उघडत नाही. फोटोंना कुलूप नाही, ते चोरले तर चोरणाऱ्याला आमच्या फणसाचे फोटो मिळतील.

या एकवीस दिवसांत घरात चर्चा एकच: यूएसबीचा नाद सोडू या, नॅस घेऊ या. नॅस म्हणजे राउटरला जोडलेली छोटी पेटी, आत दोन डिस्का. घरातले सगळे फोन, लॅपटॉप, टीव्ही वायफायवरून तिच्यापर्यंत पोचतात, आणि एका डिस्कवर लिहिलेलं त्याच क्षणी दुसरीवरही लिहिलं जातं. एक मेली तरी दुसरी असते. मी दर काढले. दोन खणांची बरी पेटी २२,५००, नॅससाठीच्या ४ टीबीच्या दोन डिस्का प्रत्येकी ११,०००. एकूण ४४,५००. साध्या पोर्टेबल डिस्का उघडून आत घालू नयेत, कारण त्या कौलं चढवलेल्या पद्धतीच्या असल्या तर एक मेल्यावर दुसरीवरून भरताना दिवसचे दिवस लागतात.

त्याआधी जुगाड म्हणून वॉरंटीत बदलून आलेली डिस्क थेट राउटरच्या यूएसबी पोर्टला लावून पाहिली. राउटरला तिचं ओझं पेललं नाही, डिस्क फिरायला लागे आणि बंद पडे. दहा मिनिटांत प्रकरण मिटवलं.

१२ मेला भाऊजी आंब्याला आले ते एक खोकं घेऊनच. त्यांनी स्वतःसाठी मोठं नॅस घेतलं होतं, जुनं दोन खणांचं डिस्कांसकट आम्हाला वापरून बघायला आणलं. "गणपतीपर्यंत ठेवा. पटलं तर पंधरा हजार द्या, नाहीतर मी घेऊन जाईन." असा दीर सगळ्यांना मिळो.

पेटी चालू करायला अर्धा तास लागला, ती घरात बसवायला चार दिवस. आमच्या भिंती चिऱ्याच्या. राउटर ओटीवर, माझी खोली मागे, मधे दोन जाड भिंती. वायफायवरून सेकंदाला ६ एमबी. त्या वेगानं १.३ टीबी चढवायला अडीच दिवस सलग लागले असते, आणि अडीच दिवस सलग लाईट म्हणजे आमच्याकडे सणच. शेवटी वायर टाकली. २० मीटर कॅट-६, चिरा ड्रिल करायला आलेला माणूस आणि पीव्हीसी पाइप मिळून १,६५० रुपये. पाइप हवाच. माळ्यावर उंदीर आहेत, आणि त्यांना केबलचं प्लास्टिक भाजणीच्या चकलीसारखं आवडतं. वायरीवर वेग ११० वर गेला, पाचेक तासांत सगळं चढलं.

मग मजा आली, खोटं कशाला बोलू? आईंच्या, म्हणजे सासूबाईंच्या, फोनमधले फोटो आपोआप पेटीत यायला लागले. बाबा संध्याकाळी टीव्हीवर १९८३ चं नमन बघत बसायचे आणि प्रत्येकाचं नाव, वाडी, कोणाचा कोण हे मुलाला सांगायचे. मी ते रेकॉर्ड करायला लागले. नॅस नसतं तर ते झालं नसतं, हे मी आजही मान्य करते.

पुण्याहूनही बघता यावं म्हणून भाऊजींनी स्टॅटिक आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा न बदलणारा पत्ता, घ्यायला सांगितलं. इंटरनेटवाल्याकडे अर्ज, आधारची प्रत, कारण आणि चालू लाईट बिल. आता लाईट बिल आमच्या आजेसासऱ्यांच्या नावावर, ते १९९१ साली वारले. कनेक्शन नवऱ्याच्या नावावर. "नाव जुळत नाही." मग संमतीपत्र, त्यावर बाबांची सही, वारस म्हणून सातबाऱ्याची प्रत. अकरा दिवसांनी उत्तर आलं: वर्षाला २,४०० अधिक जीएसटी. तोवर भाऊजींना आठवलं की पेटी बनवणाऱ्या कंपनीच्या स्वतःच्या दुव्यातून स्टॅटिक आयपीशिवायही आत येता येतं. अर्ज मागे घ्यायला परत एक अर्ज. नॅसचं दार इंटरनेटवर सरळ उघडं ठेवूच नये, हेही तेव्हाच कळलं. जानेवारी २०२२ मध्ये डेडबोल्ट नावाच्या खंडणीखोर व्हायरसनं अशाच उघड्या पेट्यांतल्या फायलींना कुलपं घालून पैसे मागितले होते.

मेच्या अखेरीला आगोटीची, म्हणजे पावसाआधीची, कामं सुरू झाली. लाकडं आत, झावळ्या बांधून, कौलं चाळून. ३० तारखेच्या रात्री विजा सुरू झाल्या आणि मी पहिल्यांदा आकाशाकडे बघून डिस्कची काळजी केली. दुसऱ्या दिवशी वायरमन बोलावला. त्यानं मीटर लावून न्यूट्रल आणि अर्थिंगमध्ये ३४ व्होल्ट दाखवले. "वहिनी, हे दोन-तीनच्या वर नको." कातळात अर्थिंग धड लागत नाही, उन्हाळ्यात तर जमीन ठणठणीत. नवा खड्डा, तांब्याची पट्टी, मीठ-कोळसा मिळून ३,२०० रुपये. हा खर्च नॅस घ्या न घ्या, करून घ्या. मे महिन्यात त्या खड्ड्यात रोज कळशीभर पाणी ओतायचं, एवढंच.

जूनभर मी कॅलेंडरवर लाईट गेली की रेघ मारत होते. ३० तारखेला ३७ रेघा होत्या. इन्व्हर्टर आहे, पण लाईट जाऊन इन्व्हर्टर चालू होण्याच्या मधल्या क्षणात पेटी दर वेळी बंद पडून परत सुरू व्हायची. इन्व्हर्टरच्या पाठीमागे एक छोटं बटण असतं, ते यूपीएस मोडवर केल्यावर हे थांबलं. पाच वर्षं घरात असलेल्या इन्व्हर्टरचं ते बटण मला माहीत नव्हतं. पण १४ जूनला आंब्याची फांदी तारेवर पडली आणि १९ तास लाईट नव्हती. इन्व्हर्टर पाच तासांत संपला, पेटी धाडकन बंद झाली. लाईट आल्यावर दोन्ही डिस्का एकमेकींशी ताडून बघायला तिनं नऊ तास घेतले, आणि त्यातच लाईट पुन्हा दोनदा गेली. याला उपाय आहे. छोटा यूपीएस घेऊन त्याची यूएसबी वायर नॅसला जोडायची, म्हणजे बॅटरी संपत आली की पेटी स्वतःच नीट बंद होते. ४,२०० रुपये. मी बेरीज करायला घेतली. पेटी आणि डिस्का नव्या धरल्या तर ५०,३५०, अर्थिंग सोडून. शिवाय वीज, १८ वॅट चोवीस तास म्हणजे महिन्याला १३ युनिट. ते फारसं नाही.

दमटपणाचं मात्र मला उलट वाटलं होतं. सतत चालू असलेली पेटी गरम राहते म्हणून ओल धरत नाही, हे खरं. पण तिचा पंखा दिवसरात्र आमची खारी हवा आत ओढतो. जूनच्या शेवटी झाकण काढलं तर आत बारीक चिकट धूळ आणि लाल मुंग्यांची अंडी. आमच्याकडे टीव्ही, मिक्सर, पाण्याचा पंप, सगळं चार वर्षांत गंजतं. समुद्र जवळ असण्याची पट्टी भरावी लागते ती अशी.

तरीही मी नॅसच्याच बाजूनं होते. २८ जूनपर्यंत.

त्या दिवशी मुलाला शाळेच्या प्रकल्पासाठी पेनड्राइव्हवर काही घ्यायचं होतं. त्यानं लॅपटॉपवर नॅसमधलं 'नमन' फोल्डर निवडलं आणि घाईत डिलीट दाबलं. खिडकीत प्रश्न आला, त्यानं हो म्हटलं. लॅपटॉपच्या रिसायकल बिनमध्ये शोधलं तर काही नाही, कारण नेटवर्कवरचं पुसलेलं तिथे येतच नाही. नॅसचं स्वतःचं रिसायकल बिन असतं, पण ते त्या फोल्डरसाठी चालू करायला आम्ही विसरलो होतो. "पण दुसरी डिस्क आहे ना!" असं म्हणत मुलगा आशेनं बघत होता. दुसऱ्या डिस्कवरूनही त्याच सेकंदाला गेलं होतं. आरशापुढे बसून चमन केलं की आरशातलं डोकंही गुळगुळीत होतं. मिररिंग म्हणतात ते उगाच नाही. एक डिस्क बिघडली तर काम थांबू नये म्हणून ती सोय, चूक झाली तर मागे जायला ती उपयोगाची नाही.

नमनाचं फोल्डर पुण्यातल्या कॉपीतून परत आलं. बाबांनी टीव्हीसमोर सांगितलेल्या नावांची माझी रेकॉर्डिंगं मात्र मी त्याच फोल्डरात ठेवली होती, आणि ती पुण्यात नव्हती. सहा संध्याकाळी गेल्या. मुलगा दोन दिवस नीट जेवला नाही. बाबाच त्याला म्हणाले, "अरे, मी अजून आहे की. परत विचार."

त्या रात्री मला चिपळूणचे मावससासरे आठवले. त्यांचा बाजारपेठेत फोटो स्टुडिओ होता. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी बाजारात शिरलं तेव्हा संगणक टेबलावर होता आणि बॅकअपच्या डिस्का त्याच टेबलाखालच्या कपाटात. त्यांच्याकडे तीन कॉप्या होत्या, म्हणजे आमच्याहून जास्त, आणि तिन्ही चिखलात गेल्या. फेब्रुवारीत मला कशानं वाचवलं? पुण्यानं. एप्रिलमध्ये डिस्क कुरिअरनं गेली तेव्हा धीर कसला होता? पुण्याचा. जूनमध्येही तेच. आणि मी चार महिने या घरात कुठली पेटी ठेवायची यावर डोकं फोडत होते.

१० जुलैला बचत गटाची मीटिंग होती. मी सचिव आहे. तिथून आल्यावर नवरा, आई, बाबा आणि फोनवर भाऊजी असं बसून ठरवलं. अजून एक ४ टीबीची यूएसबी डिस्क घ्यायची, दुसऱ्या कंपनीची, म्हणजे एकाच घाण्यातल्या दोन नकोत. १०,२०० रुपये. एक घरी, एक पुण्याला. भाऊजी वर्षातून चारदा येतात: गणपती, दिवाळी, शिमगा, मे. येताना पुण्याची आणायची, जाताना घरची ताजी न्यायची. इंटरनेटचा वेग कितीही असो, चाकरमान्यांचं नेटवर्क कोकणात दीडशे वर्षं विनातक्रार चालू आहे.

नॅस नको याला कारणं बरीच होती, पण मला पटलेलं एक सांगते. पेटी बंद पडली तर आतली डिस्क काढून विंडोजला लावता येत नाही. नॅस तिच्यावर वेगळ्या पद्धतीनं लिहितं, विंडोजला ती कोरी वाटते आणि ते सरळ "फॉरमॅट करू का?" विचारतं. घाबरलेला माणूस हो म्हणून बसायचा. यूएसबी डिस्क मात्र गावातल्या कुठल्याही पोराच्या लॅपटॉपला लागते. मी नसताना हे उघडायची वेळ आली तर ते आईंना किंवा मुलाला जमलं पाहिजे. ज्यांच्याकडे तीन-चार संगणकांवर रोज काम चालतं, रत्नागिरीतला माझ्या माहितीतला एक लग्नाचे व्हिडिओ करणारा आहे तसे, त्यांनी नॅसच घ्यावं, यूपीएससकट. त्याच्याकडे ते झकास चालतं, आणि तोही रोज रात्री नॅसची कॉपी यूएसबीवर घेतो.

एसएसडी, म्हणजे फिरणारी चकती नसलेली, चिपांवर लिहिणारी डिस्क का नाही, असं भाऊजींच्या मित्रानं विचारलं. कपाटात महिनोन्महिने विजेशिवाय पडून राहणाऱ्या वस्तूसाठी मला फिरणारी हार्ड डिस्कच बरी वाटली. एसएसडी फार काळ वीज न मिळता राहिली तर आतला डेटा विरू शकतो, आणि ४ टीबीला पैसेही कितीतरी जास्त.

आता पद्धत अशी बसली आहे. दर महिन्याच्या १० तारखेला, बचत गटाच्या मीटिंगनंतर, मी डिस्क काढते. फ्रीफाइलसिंक नावाच्या प्रोग्रामनं लॅपटॉप आणि डिस्क ताडून नवं तेवढं चढवते. त्यात पुसलेल्या फायली लगेच न टाकता वेगळ्या फोल्डरात ठेवायची सोय आहे, ती चालू केली आहे, २८ जूनच्या आठवणीत. मग कुठलेही दहा फोटो उघडून बघते. डिस्कची तब्येत दाखवणारा क्रिस्टलडिस्कइन्फो हा प्रोग्राम उघडून निळं आहे ना हे पाहते, पिवळं झालं तर नवी डिस्क घ्यायची, वाट बघायची नाही. लाईट जायच्या भीतीनं लॅपटॉपची बॅटरी भरल्याशिवाय सुरू करत नाही. आणि एका वहीत तारीख, काय चढवलं, किती जीबी, सही. बचत गटाच्या हप्त्यांच्या वहीसारखीच वही, रकाने मारून. ऑगस्टमध्ये १० तारीख चुकली, १७ ला केलं. वहीत तसं लिहिलं आहे. आईंच्या फोनचे फोटो आता आपोआप येत नाहीत, वायर लावून घ्यावे लागतात, आणि ती कटकट आहेच. जमिनीचे कागद तेवढे, जेमतेम १२ जीबी, कुलूप लावून गुगलच्या फुकटच्या १५ जीबीतही ठेवले. कुलपाचा पासवर्ड पाकिटात घालून आईंच्या ट्रंकेत, पैठणीखाली.

डिस्क ठेवायला घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा घेतला, आत सिलिका जेलच्या चार पुड्या. निळे दाणे गुलाबी झाले की ओल धरली समजायचं, तव्यावर मंद आचेवर गरम केले की परत निळे होतात. (तो तवा पोळ्यांना वापरू नका. मी एक जुना मोडका ठेवला आहे.) बाबांच्या निगेटिव्हच्या डब्यांतही आता याच पुड्या आहेत, काहींवर बुरशीची नक्षी आधीच चढली होती.

७ सप्टेंबरला गणपती बसले. त्याआधीच्या रात्री भाऊजी आले, पुण्याची डिस्क घेऊन. दोन्ही ताडल्या, वहीत सही केली. गौरी-गणपती गेल्यावर १३ तारखेला ते निघाले तेव्हा नॅसचं खोकं आणि डिस्कचा डबा दोन्ही बाहेर ओटीवर काढून ठेवलं होतं. मुलानं खोक्याला एकदा हात लावून घेतला. मी ताजी डिस्क डब्यात ठेवली आणि झाकण लावायला गेले तर आई आतून नारळाच्या वड्या घेऊन आल्या.

"अगो, अर्धा डबा रिकामा दिसतोय."

"आई, त्यात खायचं नाही ठेवायचं. मुंग्या येतील, ओल धरेल."

"मग मुलाला नुसता डबा देऊन पाठवायचं?"

वड्यांना वेगळा डबा काढला. डिस्कचा डबा भाऊजींनी सॅकमध्ये कपड्यांच्या मधोमध ठेवला आणि रात्री पुण्यात पोचल्यावर कपाटातला त्याचा फोटो पाठवला. वहीत पुढची अदलाबदल दिवाळीची, त्यापुढची शिमग्याची, १३ मार्च २०२५ च्या होळीच्या आधी. त्या ओळीपुढे आईंनी पेन्सिलनं लिहून ठेवलंय: वड्यांचा डबा परत आणणे.